विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाचा मूळ कागद

पोथ्या, सनदा आणि महजर यांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांपुढें फुटबॉलसारखा विषय मांडावा कीं नाहीं, याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. शेवटीं मांडण्याचें ठरविलें, याचें कारण असें कीं, या विषयांत जो घोटाळा माजला आहे तो आपल्या नित्याच्या ओळखीचा आहे. नक्कल हातीं असतां तिला अस्सल म्हणणें, वृद्धाच्या आठवणीस समकालीन पुराव्याची योग्यता देणें, आणि संस्थेच्या नांवाचें वय तेंच तिच्या कार्याचें वय समजणें, हे दोष बखरींच्या आधारें लिहिलेल्या इतिहासांत आपण वारंवार दाखवीत आलों आहों. तेच दोष येथें चेंडूच्या मागें धांवत आले आहेत.

आमच्या तिरोड्याकडे नागपूर विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाचें वय किती, असा प्रश्न निघाला म्हणजे उत्तर ठरलेलें असतें: विद्यापीठ १९२३ चें, तेव्हां संघही तितकाच जुना. हें उत्तर सोपें आहे, पण बरोबर नाहीं. आणि तें कां बरोबर नाहीं हें समजण्यास प्रथम जेथें या खेळाचे नियम विद्यापीठाच्या आवारांतच घडले त्या केंब्रिजकडे जावें लागतें. तेथील कागदांची छाननी एकदां नीट केली म्हणजे नागपूरचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

तत्पूर्वीं शब्दाविषयीं थोडेंसें. आपल्या वाङ्मयांत चेंडू जुना आहे. कुमारसंभवांत बाल पार्वती मंदाकिनीच्या वाळवंटांत कंदुकांनीं खेळते. दशकुमारचरितांत तर दामलिप्त नगरीच्या राजकन्येचें नांवच कंदुकावती असून तिच्या कंदुकोत्सवाचें वर्णन दंडीनें मोठ्या हौसेनें केलें आहे. आदिपर्वांत कुरुकुमारांची वीटा विहिरींत पडली आणि द्रोणांनीं ती दर्भाच्या काड्यांनीं काढून दिली. ही वीटा चेंडू कीं विटी, याविषयीं टीकाकारांत मतभेद आहे. मराठी संतांच्या कृष्णलीलांत चेंडूफळी आहे. परंतु हे सारे चेंडू हातांनीं किंवा फळीनें खेळावयाचे आहेत. पायांनीं खेळावयाच्या चेंडूस कोणी पायचेंडू, कोणी पदकंदुक अशीं नांवें सुचविलीं, पण लोकांनीं फुटबॉल हाच शब्द पत्करला, आणि आम्हीही तोच वापरतों. रूढि ही व्याकरणाहून बलवत्तर असते, हें शाळेंत अनेक वर्षें शिकवून आम्ही शिकलों.

आतां केंब्रिज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर, श्रूसबरी या प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा होता. रग्बीच्या मुलांस चेंडू हातांत घेऊन धांवण्याची मुभा. ईटनवाल्यांस तो अधर्म वाटे. हीं मुलें केंब्रिजास एकत्र आलीं म्हणजे प्रत्येकजण आपल्या शाखेचा पाठ म्हणूं लागे आणि खेळाऐवजीं वाद होई. या वादांतून सर्वांस मान्य असा एक नियमसंग्रह निघाला. त्यासच केंब्रिजचे नियम म्हणतात, आणि त्यांचें साल १८४८, म्हणजे शके १७७०, असें सर्वत्र छापलें जातें. केंब्रिजांतील पार्कर्स पीस नांवाच्या मैदानावर २०१८ सालीं जें पाषाणस्मारक उभारलें त्याच्या नांवांतही १८४८ हाच आंकडा आहे. शिलालेख दिसला कीं आपल्यांतील कांहीं मंडळी हात जोडतात. परंतु घटनेनंतर एकशेंसत्तर वर्षांनीं बसविलेला दगड हा त्या घटनेचा पुरावा होत नाहीं; तो फार तर २०१८ सालच्या समजुतीचा पुरावा होय.

मग १८४८ हें साल आलें कोठून? तें एका पत्रांतून आलें आहे. हेन्री चार्ल्स माल्डन नांवाच्या गृहस्थानें ऑक्टोबर १८९७ मध्यें एक पत्र लिहिलें. त्यांत तो म्हणतो कीं, बरोबर पन्नास वर्षांपूर्वीं आपण ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झालों, आणि पुढच्या वर्षीं फुटबॉल सुरू करण्याचा प्रयत्न झाला. म्हणजे १८४८ हा आंकडा कोणत्याही कागदावर लिहिलेला नाहीं. तो पन्नासांची वजाबाकी आणि एकाची बेरीज करून काढलेला आहे. पत्र मोठें सुरस आहे. प्रत्येक शाळेचे दोन आणि कोणत्याही मोठ्या शाळेचे नसलेले, केवळ विद्यापीठाचे म्हणून, दोन असे प्रतिनिधि निवडले. विद्यापीठाच्या बाजूनें स्वतः माल्डन आणि साल्ट नांवाचा त्याचा सोबती. सभा माल्डनच्या खोलींत भरली. त्या काळीं कॉलेजचें जेवण दुपारीं चार वाजतां होई. तें आटोपून मंडळी आली तों टेबलें मोकळीं करून लेखण्या व कागद मांडून ठेविलेले. परीक्षा आहे कीं काय, असें कित्येकांनीं विचारलें. कोणी आपल्या शाळेचे नियम लिहून आणलेले, कोणास ते मुखोद्गत. मतें सारखीं पडलीं म्हणजे निःपक्षपाती म्हणून माल्डन व साल्ट यांनीं निकाल द्यावा. मध्यरात्रीस पांच मिनिटें कमी असतां सभा उठली. नियम छापून पार्कर्स पीसवर लाविले गेले.

ही हकीगत खोटी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. लेखण्या, परीक्षेची थट्टा, मध्यरात्रीस पांच मिनिटें कमी, हे तपशील रचून सुचत नाहींत. परंतु आठवणीचें शैथिल्यही तींत उघड दिसतें. माल्डन म्हणतो, आपण एकंदर चौदाजण होतों असें वाटतें. आणि लगेच पांच शाळांचीं नांवें देतो. पांच शाळांचे दहा व विद्यापीठाचे दोन मिळून बारा होतात, चौदा नव्हे. एक शाळा विसरली, कीं संख्या चुकली? इतर सभासदांपैकीं दोघांचींच नांवें त्यास स्मरतात, आणि त्यांतील एकाविषयीं तो साशंक आहे. सभासदानें आपली बखर जिंजीस लिहिली ती थोरल्या महाराजांच्या निर्याणानंतर सतरा वर्षांनीं. तरी तिच्यांतील प्रत्येक आंकडा आपण पारखून घेतों. येथें तर अर्धें शतक लोटलेलें आहे.

पत्राच्या शेवटीं माल्डन आणखी एक विधान करितो: पुढें कोणीतरी हे नियम घेतले आणि थोड्याशा फेरफारांनीं तेच असोसिएशनचे नियम झाले, झेल घेऊन लाथ मारण्याचा हक्क काढला, ऑफसाइडचा नियम सौम्य केला, हात लावण्याचा कडक केला. येथें साक्षीदार स्वतः हजर नव्हता हें त्याच्या ‘कोणीतरी’ या शब्दावरूनच कळतें. सुदैवानें या विधानाची पडताळणी करतां येते, कारण दुसरीकडचे कागद शिल्लक आहेत. ती पुढें करूं.

माल्डनच्या अगोदरचीही एक साक्ष आहे. जॉन चार्ल्स थ्रिंग यानें १८६१ सालीं लिहितांना, १८४६ मध्यें केंब्रिजास सर्वमान्य खेळाचें मंडळ काढण्याचा यत्न झाला होता आणि रग्बीचा खेळ त्यास मोठा अडथळा झाला, असें नमूद केलें आहे. थ्रिंग व त्याचा सोबती हेन्री द विंटन हे दोघेही श्रूसबरीच्या शाळेचे. ही साक्ष घटनेनंतर पंधरा वर्षांची, म्हणून माल्डनपेक्षां निकटची. पण तींत नियमांचा पाठ नाहीं.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. १८४८ च्या त्या छापील नियमांची एकही प्रत आज अस्तित्वांत नाहीं. जी सर्वांत जुनी प्रत हातीं लागते ती डिसेंबर १८५६ ची, शके १७७८ ची, आणि ती केंब्रिजास नसून श्रूसबरी शाळेच्या ग्रंथालयांत सांपडली. पोथीचा शोध घेणाऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. ग्रंथ जेथें रचला तेथें नष्ट व्हावा आणि शिष्यपरंपरेनें जेथें गेला तेथें टिकावा, हें आपल्याकडे नित्य घडतें. तिच्यावर दहा नांवें आहेत: ईटन, हॅरो, रग्बी, श्रूसबरी आणि विद्यापीठ, प्रत्येकीं दोन. विंचेस्टरचें नांव नाहीं. म्हणजे ही माल्डनच्या सभेची नक्कल नव्हे. निराळ्या सभेनें केलेला निराळा संग्रह आहे, मग त्याचा कांहीं भाग जुन्यावरून घेतलेला कां असेना. असें असतां या प्रतीचे अकरा नियम १८४८ च्या मथळ्याखालीं देणें म्हणजे उपलब्ध पोथीस हरवलेल्या मूलादर्शाचें नांव देणें होय. महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढतांना भांडारकर संस्थेंत सुकथनकरांनीं जो दंडक घातला तो हाच कीं, प्रतींवरून जेथपर्यंत जातां येतें तेथपर्यंतच जावें, पलीकडे कल्पनेनें जाऊं नये.

त्या अकरा नियमांत काय आहे? पहिला नियम खेळाचा नसून नांवाचा आहे: या मंडळास विद्यापीठ फुटबॉल क्लब म्हणावें. त्यानंतर खेळ मैदानाच्या मध्यापासून सुरू करावा. चेंडू दोन खांबांमधून व वरच्या दोरीखालून गेल्यास गोल. ज्याचे गोल अधिक त्याचा जय. पायानें उडालेला चेंडू थेट झेलला तर तो घेऊन धांवूं नये, पण लाथ मारावी. एरवीं हात लावावयाचा तो केवळ चेंडू अडविण्यापुरता. कोणास धरूं नये, हातानें ढकलूं नये, पाय घालून पाडूं नये. आणि ऑफसाइडचा नियम असा कीं, चेंडू मागून आला असतां पुढें असलेल्या खेळाडूनें त्यास शिवूं नये, मात्र प्रतिपक्षाचे तिघांहून अधिक गडी त्याच्यापुढें असल्यास चालेल. शत्रूच्या गोलाजवळ घुटमळत राहण्यास स्पष्ट मनाई आहे. आडवी लाकडी पट्टी नाहीं, जाळें नाहीं, गड्यांची संख्या किती असावी याचा उल्लेखही नाहीं.

या पाठाच्या आधारें माल्डनचें शेवटचें विधान तपासूं. १८६३ हें वर्ष या खेळाच्या इतिहासांत मोठें आहे. (याच वर्षीं राजवाडे जन्मास आले आणि याच वर्षीं रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळ पाण्यांत बुडून निवर्तले, योगायोगापलीकडे यास अर्थ नाहीं.) २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनास फुटबॉल असोसिएशन स्थापन झालें, आणि पुढच्याच महिन्यांत केंब्रिजचा आणखी एक नवा नियमसंग्रह प्रसिद्ध झाला, तो असोसिएशनच्या सभांत वाचला गेला. हा १८६३ चा केंब्रिज-पाठ १८५६ च्या पाठाचा साधा वंशज नाहीं. यांत झेल मुळींच नाहीं. आणि ऑफसाइड अधिक कडक, म्हणजे चेंडूच्या पुढें असलेला आपल्या बाजूचा गडी सरसकट बाद. असोसिएशननें त्या वर्षीं ऑफसाइडची ही कडक रीत घेतली, झेलाचा हक्क मात्र ठेविला. पुढें १८६६ मध्यें झेल काढला, आणि प्रतिपक्षाचे तीन गडी पुढें असल्यास दोष नाहीं असें ठरविलें. १९२५ मध्यें तिघांचे दोन केले. म्हणजे माल्डन ज्या फेरफारांस मूळ घटना समजतो ते १८६६ चे फेरफार होत. केंब्रिजच्या नियमांवरून असोसिएशनचे नियम एका सरळ रेषेंत आले हें म्हणणें टिकत नाहीं. पाठ मधेंच तुटला, दुसऱ्या शाखेंतून आला, आणि मग जुन्या वळणावर परत गेला. हें आम्हीं जरा विस्तारानें लिहिलें, कारण इतक्या थोड्या ओळींच्या कागदांत पाठपरंपरेचे इतके प्रकार एकत्र क्वचित् सांपडतात.

येथें अभिमानाचाही प्रश्न गुंतलेला आहे. जगांतील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून शेफील्डच्या क्लबास मान दिला जातो. त्याची स्थापना २४ ऑक्टोबर १८५७ ची. श्रूसबरीच्या प्रतीचा पहिला नियम प्रमाण मानला तर केंब्रिजचें मंडळ त्याच्या आधीं दहा-अकरा महिने होतें. केंब्रिजवाले तसें म्हणतातच. आमच्या मतें या वादाचें मूळ एका शब्दाच्या संदिग्धतेंत आहे. १८५६ चा कागद मंडळ सिद्ध करितो. संघ सिद्ध करीत नाहीं. विद्यापीठांतील मुलें आपसांत दोन बाजू करून खेळत, त्यांस नियम हवे होते, ते त्यांनीं केले. विद्यापीठाचा संघ म्हणजे विद्यापीठाचें नांव घेऊन दुसऱ्यापुढें उभी राहिलेली माणसें. आणि त्यांची खरी ओळख समोर दुसरें विद्यापीठ आल्यावर पटते. तो प्रसंग ३० मार्च १८७४ रोजीं लंडनांतील केनिंग्टन ओव्हलवर आला. ऑक्सफर्डचा क्लब १८७१ चा, पण त्या दिवशीं त्यानें एक गोल करून केंब्रिजास हरविलें. त्याच मैदानावर सोळा दिवस आधीं रॉयल इंजिनिअर्सवर दोन गोल करून ऑक्सफर्डनें असोसिएशनचा चषकही जिंकला होता. तो मान दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठास मिळालेला नाहीं. जुन्या परंपरेच्या घरीं कागद आणि नव्याच्या घरीं विजय, असा प्रकार झाला. तेव्हां १८४६ हें यत्नाचें साल, १८४८ हें स्मृतीचें, १८५६ हें मंडळाचें, १८७४ हें संघाचें. चार निरनिराळ्या गोष्टींचीं चार सालें एकाच गोष्टीचीं म्हणून भांडविलीं गेलीं.

आतां आपल्या घरीं यावें. हिंदुस्थानांत महाविद्यालयीन फुटबॉलचा उगम कलकत्त्यास सांगतात. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांनीं १८७७ सालीं लहानपणीं गोऱ्या शिपायांचा खेळ पाहून चेंडूस पहिली लाथ मारली, आणि प्रेसिडेन्सी कॉलेजच्या स्टॅक नांवाच्या अध्यापकांनीं मुलांस खेळ समजावून दिला, अशी ही कथा आहे. तीही आठवणीच्याच वर्गांतील. माल्डनच्या पत्रास जो न्याय तोच हिला. नागपूरकरांस ही कथा परकी नाहीं. नागपुरांत हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्यें व मॉरिस कॉलेज १८८५ मध्यें निघालें, तेव्हां या प्रांतास स्वतःचें विद्यापीठ नव्हतें. येथील विद्यार्थी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांस बसत. १९०४ च्या विद्यापीठांच्या कायद्यानें प्रत्येक विद्यापीठाची हद्द आंखून दिली तेव्हां मध्यप्रांत अलाहाबादेच्या वांट्यास गेला. ऑगस्ट १९२३ मध्यें, शके १८४५ त, नागपूर विद्यापीठ झालें आणि सर बिपिन कृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरु झाले. नागपूरहून हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावरील आमच्या तिरोड्यांतून कोणी मुलगा शिकण्यास नागपुरास गेला, तर १८९० सालीं तो कलकत्त्याचा, १९१० सालीं अलाहाबादचा, १९२५ सालीं नागपूरचा विद्यार्थी ठरे. गाडी तीच, कॉलेज तेंच, खेळाचें मैदानही तेंच.

यावरून दोन गोष्टी निघतात. १९२३ पूर्वीं हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजकडून खेळलेला गडी नागपूर विद्यापीठाच्या इतिहासांत घालतां येत नाहीं, पण त्यास वगळून त्या संघाचा इतिहासही लिहितां येत नाहीं. कारण कॉलेजांत खेळ रुजलेला नसता तर विद्यापीठास गडी मिळाले कोठून असते? दुसरें असें कीं, केंब्रिज हें एका गांवांतलें विद्यापीठ. पार्कर्स पीसवर घंटा वाजली कीं सारे जमत. आपलीं विद्यापीठें संलग्न कॉलेजांचीं. त्यांचा संघ दूरदूरच्या गांवांहून निवडून आणावा लागतो, आणि तो दुसऱ्या विद्यापीठापुढें उभा करावयाचा तर विद्यापीठांची मिळून एक व्यवस्था लागते. ती १९२५ च्या आंतरविद्यापीठ मंडळापासून सुरू झाली. हेंच मंडळ १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ म्हणून ओळखलें जातें, आणि पुरुषांच्या आंतरविद्यापीठ फुटबॉल सामन्यांच्या चषकास कलकत्त्याचे कुलगुरु सर आशुतोष मुकर्जी यांचें नांव आहे. १८७४ ची कसोटी लाविली तर, कायद्यानें विद्यापीठ निर्माण होणें आणि संघ निर्माण होणें यांत येथेंही अंतर धरलेंच पाहिजे.

हद्दीचा हा प्रश्न १९२३ वर संपला नाहीं. जबलपूर व सागर ही बाजू १९४६ पर्यंत नागपूर विद्यापीठाचीच होती. त्या वर्षीं सर हरिसिंग गौर यांनीं सागर विद्यापीठ काढलें आणि हिंदी जिल्हे तिकडे गेले. १९८३ मध्यें अमरावतीचें विद्यापीठ निराळें झालें, २०११ मध्यें चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे गोंडवाना विद्यापीठांत गेले. मधें २००५ सालीं नागपूर विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव दिलें गेलें. तिरोडें १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून निघून नव्या गोंदिया जिल्ह्यांत गेलें, पण विद्यापीठ तेंच राहिलें. आतां विचार करावा कीं, १९४० सालीं जबलपुराहून निवडला गेलेला गडी कोणाच्या इतिहासांत मोजावा? अमरावतीचा १९८२ सालचा गडी कोणाचा? आमचें उत्तर असें कीं, त्याच्या छातीवर जें नांव होतें त्याचा. आजच्या हद्दी मागें नेऊन जुन्या गड्यांची वांटणी करणें म्हणजे आजच्या जिल्ह्यांच्या नकाशावर शिवकालीन परगणे लिहिण्यासारखें आहे.

म्हणून या विषयांत अस्सल कागद कोणता हें आधीं ठरवावें लागतें. स्मरणिकांतील लेख हे माल्डनचे सोदर आहेत. वाचावे, आंकडे पारखून घ्यावे. त्यांहून बलवत्तर म्हणजे कॉलेजचीं त्या त्या वर्षाचीं वार्षिकें, खेळांच्या फीच्या वह्या, निवडीचीं पत्रें, प्रशस्तिपत्रकें आणि संघाचीं छायाचित्रें. या छायाचित्रांखालीं पुठ्ठ्यावर नांवांची व वर्षाची पट्टी असते. चौकट बदलतांना ती कापून टाकण्याची वाईट चाल सर्वत्र आहे. चेहरे राहतात आणि लेख जातो. ज्या सभासदांच्या घरीं असें छायाचित्र असेल त्यांनीं तें पुठ्ठ्यासकट ठेवावें, आणि नक्कल पाठवितांना गड्यांच्या नांवांबरोबर माथ्यावर कोणत्या विद्यापीठाचें नांव छापलें आहे तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. त्या एका ओळीवरून तो कागद कलकत्त्याच्या काळांतला, अलाहाबादच्या कीं नागपूरच्या, हें ठरेल.